बिटकॉइनवर फाइल टाकू नका, फाइलचा पुरावा ठेवा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

बिटकॉइनच्या अगदी पहिल्या ब्लॉकमध्येच (व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा म्हणजे ब्लॉक, आणि अशा गठ्ठ्यांची साखळी म्हणजे ब्लॉकचेन) पैशाच्या व्यवहाराशी संबंध नसलेला मजकूर आहे. लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकाचा ३ जानेवारी २००९ चा मथळा बिटकॉइनचा अज्ञात निर्माता सातोशी नाकामोतो याने त्यात टाकून ठेवला. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या बेतात आहेत, अशा अर्थाचा तो मथळा. तो तिथे असल्यामुळे हा ब्लॉक त्या तारखेच्या आधी तयार करून ठेवलेला नव्हता, हे आजही कुणीही तपासू शकतं. तेव्हा आर्थिक नसलेली माहिती या नेटवर्कवर नोंदवणं ही काल-परवाची टूम नाही.

तरी नव्याने आलेली मंडळी काय विचारतात ते ऐकलं की काळजी वाटते. "माझी कादंबरी ब्लॉकचेनवर टाकायची आहे." "सोसायटीचे ठराव कायमचे टाकून ठेवायचे आहेत." "मुलीची प्रमाणपत्रं तिथे सुरक्षित राहतील ना?" जरा खोदून विचारलं की कळतं, यांतल्या जवळजवळ कुणालाच फाइल तिथे साठवायची नसते. ही फाइल अमुक तारखेला होती आणि त्यानंतर तिच्यात काही बदललेलं नाही, एवढंच त्यांना सिद्ध करायचं असतं. त्यासाठी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातून गणिताने काढलेला ३२ बाइटचा ठसा, पुरतो, खिशातून एक पैसा जात नाही आणि जगभर नोड, म्हणजे साखळी उतरवून व्यवहार तपासणारे संगणक, चालवणाऱ्यांच्या डिस्कवर भारही पडत नाही. या लेखात मुख्यतः तीच वाट पायरीपायरीने दाखवली आहे.

पायरी पहिली: माहिती नेमकी कुठे जाऊन बसते ते समजून घ्या

बिटकॉइनच्या व्यवहारात पैशाव्यतिरिक्त काही घालायच्या जागा मोजक्याच आहेत. प्रत्येक जागेचा परिणाम वेगळा, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

सर्वांत वाईट जागा म्हणजे खोटे पत्ते. सुरुवातीच्या काळात लोक आपला मजकूर पत्त्याच्या किंवा सार्वजनिक किल्लीच्या जागी कोंबायचे आणि त्या 'पत्त्या'वर थोडे सॅतोशी (बिटकॉइनचा सर्वांत लहान अंश) पाठवायचे. त्याची खाजगी किल्ली, म्हणजे खर्च करायला लागणारं गुपित, कुणाकडेच नसल्याने ते पैसे कधीच खर्च होत नाहीत. पण नोडला हे कळायला मार्ग नाही. न खर्चलेल्या प्रत्येक नाण्याची नोंद त्याला हाताशी ठेवावीच लागते, कारण नवा व्यवहार आला की तो याच यादीतून खरा-खोटा ठरतो. जुने ब्लॉक नोड आपल्या डिस्कवरून पुसू शकतो, ही यादी पुसता येत नाही. २०२३ मध्ये आलेल्या 'स्टॅम्प्स' या प्रकाराने चित्रं साठवायला हाच मार्ग पुन्हा वापरला, तोही चित्रं पुसता येत नाहीत याचा अभिमान बाळगून. माझ्या मते हा सार्वजनिक विहिरीत राडारोडा टाकण्याचा प्रकार आहे. तो करू नका.

दुसरी जागा ऑप-रिटर्न. वरच्या त्रासावर तोडगा म्हणून बिटकॉइन कोअर या नोडच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या ०.९ आवृत्तीत, म्हणजे मार्च २०१४ मध्ये, ती अधिकृतपणे मोकळी झाली. ऑप-रिटर्न या आज्ञेने सुरू होणारं आउटपुट, म्हणजे व्यवहारातली पैसे कुठे जातात ती नोंद, कधीच खर्च होऊ शकत नाही हे नोडला पाहताक्षणी कळतं, त्यामुळे तो ते यादीत घेतच नाही. आधी ४० बाइटची मर्यादा होती, मग ती ८० झाली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीने मूळ सेटिंग एक लाख बाइटवर नेलं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. त्याकडे शेवटी येतो.

तिसरी जागा साक्षीची, जिला विटनेस म्हणतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट ही बिटकॉइनच्या नियमांतली सुधारणा लागू झाल्यावर सहीशी संबंधित माहिती वेगळ्या भागात गेली आणि तिचा भाव बाकीच्या बाइटच्या एक चतुर्थांश लागू लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅपरूट ही पुढची सुधारणा आली आणि त्या भागातल्या स्क्रिप्टवरची, म्हणजे खर्चाच्या अटी लिहिणाऱ्या छोट्या प्रोग्रामवरची, लांबीची जुनी बंधनं सैल झाली. जानेवारी २०२३ मध्ये केसी रोडारमर यांनी ऑर्डिनल्स, म्हणजे चित्रं आणि मजकूर साखळीवर चढवण्याची पद्धत, बाजारात आणलं, ते याच दोन गोष्टींच्या जोरावर. स्क्रिप्टमध्ये कधीच न चालणारा एक 'जर' लिहायचा आणि त्याच्या पोटात ५२०-५२० बाइटचे तुकडे करून चित्र भरायचं, अशी त्याची रीत. १ फेब्रुवारी २०२३ ला तर एका जादूगाराच्या चित्राने जवळजवळ चार एमबीचा अख्खा ब्लॉक व्यापला.

पायरी दुसरी: काय टाकायचं नाही ते आधी ठरवा

इथे घाई नको. ब्लॉकमध्ये गेलेलं परत काढता येत नाही. 'डिलीट'चं बटण नाही, तक्रार निवारण अधिकारी नाही, कोर्टाचा हुकूम बजावायला एखादी कंपनीही नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. तुम्ही संस्थेच्या वतीने सभासदांची नावं, पत्ते किंवा फोटो साखळीवर टाकलेत, तर तो हक्क पुरा करणं तुमच्या हातातच उरत नाही. कुणाचाही वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र, सही, मुलांची कोणतीही माहिती यांना साखळीच्या जवळपासही आणू नका. ते कूटबद्ध करून टाकलं तरी नाही, कारण आजचं कुलूप वीस वर्षांनी टिकेलच याची हमी नाही आणि साखळी मात्र तेव्हाही सर्वांसमोर उघडी असेल.

"मग फक्त हॅश टाकतो, त्यातून मूळ माहिती कुठे कळते?" हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. हॅशवरून मागे जाता येत नाही, पण अंदाज करून पुढून येता येतं. मोबाइल नंबर दहा आकडी असतो. म्हणजे शक्यता फार तर एक हजार कोटी. एक साधं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्यांचे हॅश बघता बघता काढतं. आधार क्रमांक बारा आकडी, त्याचंही तेच. जन्मतारखेचं तर विचारूच नका, शंभर वर्षांत जेमतेम साडेछत्तीस हजार दिवस होतात. आखूड, ठरावीक साच्याच्या माहितीचा नुसता हॅश म्हणजे उघडी माहितीच समजा. असं काही नोंदवणं भागच असेल, तर आधी त्यात लांबलचक यादृच्छिक मजकूर मिसळा, मग हॅश काढा आणि तो मजकूर जपून ठेवा. पूर्ण कादंबरी, स्कॅन केलेलं दप्तर किंवा कॅमेऱ्यातला मूळ फोटो यांच्या बाबतीत मात्र ही भीती नाही.

पायरी तिसरी: फाइल गोठवा

समजा, तुम्ही दिवाळी अंकासाठी कथा लिहिली आहे. संपादकांना पाठवण्याआधी ती आपल्याकडे या रूपात होती, याचा पुरावा तुम्हाला हवा आहे. सगळी भिस्त एसएचए-२५६ या हॅशवर. कितीही मोठी फाइल द्या, त्यातून ३२ बाइट निघतात, जे लिहिताना ६४ अक्षरं-आकडे होतात. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पार वेगळा येतो.

मराठी लिहिणाऱ्यांची अडचण इथे सुरू होते, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत ती सापडत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ काही कळफलक 'ऱ' आणि हलन्त असा टाकतात. काही कळफलक साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा एक जोडक टाकतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. आत बाइट वेगळे, म्हणून हॅशही वेगळा. तुम्ही कथा एका संगणकावरून कॉपी करून दुसरीकडे चिकटवलीत आणि मध्ये एखाद्या ॲपने हे 'दुरुस्त' केलं, तर डोळ्यांना तीच कथा आहे आणि गणिताला ती निराळी आहे. म्हणून मजकूर कधीही नव्याने टाइप करून किंवा चिकटवून पडताळू नका. मूळ फाइल, जशीच्या तशी, तीच जपायची.

वर्डची फाइल उघडून नुसती सेव्ह केली तरी आतली तारीख बदलते. तेव्हा कथेची पीडीएफ करा आणि त्या पीडीएफला पुन्हा हात लावू नका. फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, त्याचा हॅश मूळ फोटोशी जुळणार नाही. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बऱ्याच फाइली असतील तर एका फोल्डरची झिप करा आणि ती झिपच मूळ समजा. तीच झिप नंतर पुन्हा बनवता येईल या भरवशावर राहू नका, कारण फाइलींचा क्रम आणि वेळ बदलली की तिचा हॅश बदलतो.

हॅश स्वतः काढून बघायची सवय लावून घ्या. विंडोजमध्ये सर्टयूटिल, मॅकवर शासम आणि लिनक्सवर एसएचए२५६सम ही साधनं आधीपासूनच बसवलेली असतात. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाका, दोन्हींचा हॅश काढा आणि जुळतोय का पाहा. मग प्रतीत एक स्वल्पविराम घाला आणि पुन्हा काढा. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी चौथी: ओपनटाइमस्टॅम्प्सने शिक्का मारा

हॅश साखळीवर न्यायला स्वतः व्यवहार करायची गरज नाही. बिटकॉइनचे विकासक पीटर टॉड यांनी २०१६ मध्ये ओपनटाइमस्टॅम्प्स ही मुक्त प्रणाली मांडली. ती वापरायला खातं लागत नाही, वॉलेट लागत नाही आणि बिटकॉइनही लागत नाही. भारतात हे विशेष सोयीचं आहे. बिटकॉइन विकत घेतलं की २०२२ पासूनचा ३० टक्के कर, १ टक्का टीडीएस, एक्स्चेंजची केवायसी हे सगळं मागे लागतं. नुसता तारखेचा पुरावा हवा असणाऱ्याने त्या भानगडीत का पडावं?

आत काय घडतं ते असं. जगभरातून आलेले हॅश या प्रणालीचे 'कॅलेंडर' नावाचे सर्व्हर गोळा करतात आणि कबड्डी स्पर्धेच्या बाद फेरीच्या तक्त्यासारखी त्यांची मांडणी करतात. दोन हॅश जोडून त्यांचा एक नवा हॅश, अशा दोन नव्या हॅशचा पुन्हा एक, असं करत शेवटी एकच उरतो. तो एकच हॅश बिटकॉइनच्या व्यवहारात जातो. दहा लाख फाइली आल्या तरी वरपर्यंत जायला वीसच टप्पे लागतात, म्हणून तुमच्या पुराव्यात त्या वाटेवरचे तेवढेच जोडीदार हॅश ठेवावे लागतात. २०१७ च्या मे महिन्यात टॉड यांनी इंटरनेट आर्काइव्हमधल्या कोट्यवधी फाइलींना याच रीतीने एका व्यवहारात तारखेचा शिक्का मारून दाखवला. ब्लॉकमधली जागा लागली ती एका साध्या व्यवहाराइतकी.

प्रत्यक्ष करायचं काय? ओपनटाइमस्टॅम्प्स डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर जा आणि पीडीएफ ओढून पानावरच्या चौकटीत सोडा. फाइल कुठेही अपलोड होत नाही, तिचा हॅश तुमच्या ब्राउझरमध्येच निघतो. काही सेकंदांत मूळ नावापुढे 'ओटीएस' हे शेपूट लावलेली एक छोटीशी फाइल डाउनलोड होते. ही तुमची पावती. तिला कथेच्या शेजारीच ठेवा. ज्यांना टर्मिनलची सवय आहे त्यांनी पायथनमधून ओपनटाइमस्टॅम्प्स क्लायंट बसवावा आणि 'ओटीएस स्टॅम्प' या आज्ञेपुढे फाइलचं नाव द्यावं. मी हाच मार्ग सुचवीन, कारण क्लायंट तुमच्या हॅशमध्ये आपणहून यादृच्छिक बाइट मिसळून मगच तो कॅलेंडरकडे पाठवतो. त्यामुळे मूळ हॅशदेखील सर्व्हरला कळत नाही.

पायरी पाचवी: पावती पक्की करा

ही पायरी लोक हमखास गाळतात, म्हणून ठळकपणे सांगतो.

नुकतीच मिळालेली ओटीएस फाइल कच्ची असते. कॅलेंडर सर्व्हरने तुमचा हॅश स्वीकारला आहे आणि पुढचं त्याला विचारा, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. व्यवहार ब्लॉकमध्ये जाऊन त्यावर आणखी काही ब्लॉक बसायला काही तास जातात. तेव्हा दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा संकेतस्थळाच्या चौकटीत टाका, किंवा टर्मिनलमध्ये 'ओटीएस अपग्रेड' करा. आता तुमच्या हॅशपासून ब्लॉकच्या शीर्षापर्यंतची, म्हणजे ब्लॉकचा सारांश देणाऱ्या हेडरपर्यंतची, पूर्ण वाट त्या फाइलमध्ये उतरते. संकेतस्थळावरून केलं असेल तर नवी पक्की फाइल डाउनलोड करून घ्या, जुनी कच्ची तशीच पडून राहिली तर उपयोग नाही. पक्की फाइल काही केबींची असते, पण तिचं बळ मोठं आहे. उद्या ते संकेतस्थळ बंद पडलं, कॅलेंडर सर्व्हर गेले, तरी मूळ पीडीएफ, पक्की ओटीएस आणि बिटकॉइनच्या ब्लॉकची शीर्षं या तिघांवरून पडताळणी होते. कच्ची पावती मात्र सर्व्हरसोबतच मरते.

मग 'ओटीएस व्हेरिफाय'. संकेतस्थळावर पडताळलंत तर ब्लॉकची माहिती दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवरून येते, म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणं आलं. क्लायंट वापरलात तर तो तुमच्या स्वतःच्या बिटकॉइन नोडला विचारतो. रोजच्या कामाला पहिली रीत पुरते. जिथे वाद उद्भवू शकतो तिथे दुसरी.

पीडीएफ आणि ओटीएस या दोन्ही फाइली किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. साखळीवर तुमची कथा नाही हे विसरू नका. पीडीएफ हरवली तर उरलेल्या हॅशला काही अर्थ नाही.

हा पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही

ही फाइल या ब्लॉकच्या वेळेआधी अस्तित्वात होती, एवढंच तो सांगतो. ती तुम्ही लिहिली हे तो सांगत नाही. त्यातला मजकूर खरा आहे हेही नाही. शेजाऱ्याने तुमची कथा ढापून तुमच्याआधी शिक्का मारला, तर गणित त्याच्या बाजूने बोलेल. म्हणून पहिला कच्चा खर्डा झाला की तेव्हाच शिक्का मारा, मग प्रत्येक मोठ्या बदलानंतर मारत जा. खर्ड्यांची अशी तारीखवार रांग कथा ढापणाऱ्याकडे सहसा नसते.

वेळही मिनिटाच्या हिशोबाने घेऊ नका. माइनर, म्हणजे नवा ब्लॉक बनवणारा, त्यावर जी वेळ लिहितो ती थोडी पुढे-मागे असू शकते. ती आधीच्या अकरा ब्लॉकच्या मध्यकापेक्षा जास्त असावी आणि तपासणाऱ्या नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढे नसावी, एवढंच बंधन आहे. 'अमुक दिवशी' म्हणता येतं. 'सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी' म्हणता येत नाही.

कोर्टात चालेल का, हा पुढचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहायची जागा आहे. एसएचए-२५६ चा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हॅश ही आपल्या न्यायालयांना अनोळखी वस्तू राहिलेली नाही. ओटीएसची पावती त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, तिने फक्त बळ वाढतं. चीनमध्ये हांगझोऊच्या इंटरनेट न्यायालयाने जून २०१८ मध्ये कॉपीराइटच्या एका खटल्यात फॅक्टम ही दुसरी ब्लॉकचेन आणि बिटकॉइनची साखळी यांवर हॅश नोंदवलेला पुरावा ग्राह्य धरला होता. लेखकांसाठी आणखी एक गोष्ट: १९५७ च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणीचं वजन वेगळं असतं. मोठं पुस्तक असेल तर ती करून ठेवावी.

महाराष्ट्रातही सरकारी कामात हीच विचारसरणी वापरली गेली आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात जातीचे दाखले पॉलिगॉन या नेटवर्कच्या आधाराने पडताळता येतील अशा रीतीने देण्याचा उपक्रम झाला. नेटवर्क बिटकॉइनचं नव्हतं, पण कागद बनावट आहे का हे लांबच्या कार्यालयातूनही कळावं, ही गरज तीच. तुमची संस्था असं काही करणार असेल तर पुरवठादाराला दोन गोष्टी लेखी विचारा: साखळीवर नेमकं काय जातं, आणि तुमची कंपनी बंद पडली तर आम्ही दाखला कसा पडताळायचा? दुसऱ्याचं उत्तर "आमच्या संकेतस्थळावर" असं आलं, तर तिथेच थांबा.

स्वतः व्यवहार करायचाच असेल तर

कधी कधी मधलं कुणी नको असतं, किंवा चार शब्द खरोखरच सर्वांना वाचता येतील असे साखळीवर लिहायचे असतात. तेव्हा ऑप-रिटर्न वापरा, खोटा पत्ता नाही आणि विटनेसही नाही.

खर्चाचा हिशोब आधी करा. एक इनपुट (ज्यातून पैसे येतात ते नाणं), ३२ बाइटचं एक ऑप-रिटर्न आणि उरलेले पैसे परत घेणारा एक पत्ता, असा सेगविट व्यवहार साधारण १५३ व्हर्च्युअल बाइटचा (म्हणजे विटनेसचे बाइट एक चतुर्थांश धरून) होतो. भाव बाइटला ५ सॅतोशी असेल तर शुल्क ७६५ सॅतोशी. एक बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सॅतोशी, त्यावरून त्या दिवसाचे रुपये काढा. याउलट १०० केबीचं चित्र ऑप-रिटर्नमध्ये टाकायला त्याच भावाने पाच लाख सॅतोशी लागतील आणि विटनेसमध्ये सव्वा लाख. मर्यादा उठल्या तरी चित्रवाले विटनेस का सोडत नाहीत, ते या आकड्यांत आहे.

मराठी मजकूर लिहिणाऱ्यांनी बाइट मोजावेत, अक्षरं नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. 'महाराष्ट्र' हा एक शब्द ३० बाइटचा होतो. जुने नोड अजून ८० बाइटचीच मर्यादा पाळतात, त्यात देवनागरीची २६ चिन्हं बसतात. म्हणजे जेमतेम एक छोटं वाक्य.

आधी सिगनेट या चाचणीच्या नेटवर्कवर सराव करा. तिथली नाणी फुकट मिळतात, त्यांना किंमत नसते आणि बाकी सगळं खऱ्या नेटवर्कसारखंच चालतं. बिटकॉइन कोअरमध्ये कच्चा व्यवहार बनवताना आउटपुटच्या जागी 'डेटा' लिहून पुढे तुमचे बाइट षोडशमान (हेक्स) रूपात द्यायचे. मग वॉलेटला इनपुट आणि शुल्क भरू द्यायचं, सही करायची. पाठवण्याआधी व्यवहार उलगडून एकदा नीट वाचा. दोन गोष्टी तपासा: ऑप-रिटर्नच्या आउटपुटची रक्कम शून्य आहे ना, कारण तिथे टाकलेला प्रत्येक सॅतोशी कायमचा जळतो, आणि परतीचा पत्ता तुमचाच आहे ना. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ज्या नाण्यातून शुल्क भरता त्याचा सगळा मागचा इतिहास त्या मजकुराशी कायमचा जोडला जातो. मुख्य बचतीच्या वॉलेटमधून हे करू नका.

नोड चालवणाऱ्यांसाठी

नोड चालवायचा म्हणजे दुसऱ्यांनी टाकलेला डेटाही आपल्या डिस्कवर येणार. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये साखळी चाळली तेव्हा त्यांना १६०० हून जास्त फाइली सापडल्या. बहुतेक निरुपद्रवी, पण काही आक्षेपार्ह. हे ऐकून नवखे घाबरतात, आणि घाबरणं साहजिक आहे. तुमच्या हातात काय आहे ते बघू.

पूर्ण साखळी आज ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. तेवढी ठेवायची गरज नसेल तर छाटणीचं सेटिंग, म्हणजे प्रून, चालू करा. किमान आकडा ५५० एमबी आहे. नोड प्रत्येक ब्लॉक उतरवतो, तपासतो आणि जुने पुसून टाकतो. नियम पाळले जातात की नाही हे तो पूर्ण नोडइतकंच काटेकोर तपासतो, फक्त इतिहास साठवत नाही. छाटणी केली तरी न खर्चलेल्या नाण्यांची यादी राहतेच आणि ती एकटीच दहा जीबीहून मोठी आहे, म्हणून खोट्या पत्त्यांवर मी एवढा रागावतो. ऑक्टोबर २०२४ च्या २८ व्या आवृत्तीपासून नव्याने सुरू केलेल्या नोडवर ब्लॉक डिस्कवर यादृच्छिक किल्लीने मिसळून लिहिले जातात. त्यामुळे कुणीतरी साखळीत टाकलेली फाइल तुमच्या डिस्कवर उघड्या रूपात बसत नाही आणि अँटिव्हायरसही ब्लॉकच्या फाइली उगाच उचलून नेत नाही.

आता तो वाद. 'डेटाकॅरियरसाइज' नावाचं सेटिंग तुमचा नोड किती मोठं ऑप-रिटर्न पुढे पाठवील ते ठरवतं. कोअरच्या ३० व्या आवृत्तीत ते एक लाख बाइट आहे. ल्यूक डॅशज्युनिअर यांच्या बिटकॉइन नॉट्स या पर्यायी सॉफ्टवेअरमध्ये ते मुळातच खूप कमी ठेवलेलं असतं आणि २०२५ मध्ये बऱ्याच नोडचालकांनी त्याच कारणासाठी नॉट्स बसवलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कोअरवाले म्हणतात, मर्यादा ठेवली तर लोक थेट माइनरकडे जातात किंवा खोट्या पत्त्यांकडे वळतात, आणि ते जास्त घातक. नॉट्सवाले म्हणतात, हे पैशाचं नेटवर्क आहे, गोदाम नाही, आणि दार सताड उघडलं की येणारे वाढतातच. माझा कल पहिल्या बाजूकडे झुकतो, पण दुसऱ्या बाजूची कळकळ मला खोटी वाटत नाही.

सेटिंग बदलण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या. हे सेटिंग फक्त अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहारांना लागू होतं. माइनरने तो व्यवहार ब्लॉकमध्ये घेतला की तुमचा नोड, आकडा ८० असो की शून्य, तो ब्लॉक स्वीकारतोच, कारण ब्लॉकचे नियम वेगळे आहेत आणि त्यांत ही मर्यादा नाही. तुम्ही ८० हा आकडा ठेवलात तर तुमच्या मेमपूलमध्ये, म्हणजे ब्लॉकची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या रांगेत, मोठे व्यवहार येणार नाहीत, तुमच्या यंत्रावरून ते पुढे जाणार नाहीत, आणि पुढच्या ब्लॉकच्या शुल्काचा तुमचा अंदाज थोडा चुकू शकतो. आकडा सेटिंगच्या फाइलमध्ये लिहा, नोड बंद करून पुन्हा सुरू करा आणि सुरुवातीच्या लॉगमध्ये तो घेतला गेला आहे का ते पाहा.